जिभेवरची ब्रिटानी

पॅरिसच्या मोंपारनास स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की एका गल्लीत तव्यावर तापलेल्या लोण्याचा वास येऊ लागतो. गल्लीच्या दोन्ही बाजूंना धिरड्यांची दुकानं आहेत, एकाला लागून एक. पाट्यांवरची नावं फ्रेंचसारखी वाटत नाहीत, दारात काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा लावलेला असतो. एरवी सगळ्या पॅरिसभर विखुरलेली अशी दुकानं नेमकी इथे एवढी दाटीनं का, याचं उत्तर स्टेशनातच मिळतं. पश्चिमेकडच्या गाड्या इथे येऊन थांबतात. 1865 साली लोहमार्ग पार ब्रेस्तपर्यंत, म्हणजे ब्रिटानीच्या शेवटच्या बंदरापर्यंत पोचला, आणि तिथली गरीब माणसं पोटासाठी पॅरिसला येऊ लागली. मुली घरकामाला आणि मुलं सांभाळायला, पुरुष खणकामाला. गाडीतून उतरायचं आणि स्टेशनाजवळच आपल्या गावच्या माणसांत खोली शोधायची. कोकणातून बोटीनं येऊन भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्या आणि गिरगाव-लालबागात गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकणाऱ्या चाकरमान्याला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

1905 साली पॅरिसमध्ये मुलींच्या एका साप्ताहिकात बेकासीन नावाची चित्रकथा सुरू झाली. बेकासीन म्हणजे ब्रिटानीहून आलेली भोळी मोलकरीण. हिरवा झगा, पांढरी टोपी, गोल चेहरा. दोन ठिपक्यांचे डोळे, एक इवलंसं नाक, आणि तोंड बहुतेक चित्रांत काढलेलंच नाही. चित्रकाराच्या मनात काय होतं ते असो, पण तोंड नसलेली ती बाई अनेक ब्रेतों, म्हणजे ब्रिटानीच्या, लोकांना आजही सलते. कारण ज्या काळात ती चितारली गेली, त्या काळात त्यांच्या मुलांना शाळेत आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत होती.

मराठीत चव आणि बोली दोन्ही जिभेवरच राहतात. ब्रिटानीबद्दल जे सांगावंसं वाटतं ते या एका जिभेचंच आहे. तिथल्या गरिबीनं दोन गोष्टी जपल्या होत्या, एक खाणं आणि दुसरी भाषा. दोन्हींना एकाच वेळी गावंढळ म्हटलं गेलं. पुढे खाण्याला मान मिळाला, जगभर मिळाला. भाषेच्या वाट्याला तो फार उशिरा आला आणि अजूनही पुरता आलेला नाही.

फ्रान्सचा नकाशा पाहिला तर पश्चिमेला अटलांटिकमध्ये घुसलेला एक सुळका दिसतो, तो हा प्रदेश. फ्रेंचमध्ये ब्रतान्य, तिथल्या भाषेत ब्रेझ. सुळक्याच्या अगदी टोकाच्या जिल्ह्याचं फ्रेंच नाव फिनिस्तेर, म्हणजे लॅटिनमधला ‘भूमीचा अंत’. त्याच जिल्ह्याला ब्रेतों भाषेत पेन-आर-बेद म्हणतात. ‘बेद’ म्हणजे जग, आणि ‘पेन’ म्हणजे टोक, पण डोकंही. पॅरिसहून पाहणाऱ्याला जिथे जमीन संपते, तिथे राहणाऱ्याला तिथूनच जग सुरू होतं. नावांचा हा फरक मला नेहमी फार बोलका वाटतो. ‘मोर’ म्हणजे समुद्र. ‘मोर्बियां’ हा जिल्हा म्हणजे ‘छोटा समुद्र’, कारण तिथे बेटांनी भरलेलं एक मोठं आखात आहे. किनारपट्टीला आर्मोर म्हणतात, आणि आतल्या भागाला अर्गोआत, ‘रानाकडचा मुलूख’. खालाटी आणि वलाटी, तसंच काहीसं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ब्रिटानी म्हटलं की कार्नाकचे उभे दगड डोळ्यांसमोर येतात. जवळजवळ तीन हजार शिळा, रांगेनं, काही किलोमीटर लांबवर रोवलेल्या. त्यांना केल्टिक समजण्याची चूक फार जुनी आहे. त्या रोवल्या नवाश्मयुगातल्या शेतकऱ्यांनी, आजपासून सहा हजार वर्षांच्या आसपास, केल्ट लोकांचा मागमूसही नव्हता तेव्हा. केल्टिक आहे ते त्यांचं नाव. ‘मेन’ म्हणजे दगड आणि ‘हिर’ म्हणजे लांब, म्हणून मेनहिर. जगभरच्या पुरातत्त्वज्ञांनी हा शब्द ब्रेतों शेतकऱ्यांच्या तोंडून उचलला. जुलै 2025 मध्ये पॅरिसला जागतिक वारसा समितीची जी बैठक भरली, तिच्यात कार्नाक आणि मोर्बियांच्या किनाऱ्यावरच्या या महापाषाणांना वारसायादीत जागा मिळाली. त्याच बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांनाही ती मिळाली, आणि त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग असे आपले चार दर्यादुर्ग आहेत. त्या आठवड्यात आपण आपल्या किल्ल्यांच्या आनंदात होतो, ते साहजिकच होतं. पण त्याच वेळी दूरच्या एका किनाऱ्यावरही लोक आपल्या दगडांसाठी तितकेच हरखले होते.

मग केल्ट आले कुठून? इथे आधी गॉल टोळ्या होत्या, त्यांतल्या दर्यावर्दी वेनेती टोळीला ज्युलियस सीझरनं इ. स. पूर्व 56 मध्ये समुद्रावरच्या लढाईत हरवलं. पण आजची ब्रेतों भाषा या गॉल लोकांकडून आलेली नाही. पाचव्या-सहाव्या शतकात आजच्या इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातून आणि वेल्समधून ब्रिटन लोक खाडी ओलांडून इकडे आले, सोबत आपले संत आणि आपली भाषा घेऊन. म्हणूनच या भाषेची सख्खी भावंडं समुद्रापलीकडे आहेत, वेल्श आणि कॉर्निश. आयरिश ही जरा लांबची, चुलत म्हणावी अशी. गावांच्या नावांत ते स्थलांतर अजून वाचता येतं. ‘प्लू’नं सुरू होणारं गाव म्हणजे जुनी धर्मवस्ती, ‘लान’ म्हणजे एखाद्या संताचा मठ, ‘केर’ म्हणजे वाडी. हजार वर्षं हा मुलूख वेगळा राहिला. शेवटची स्वतंत्र सरदारीण डचेस आन हिला लागोपाठ दोन फ्रेंच राजांशी लग्न करावं लागलं, आणि 1532 मध्ये ब्रिटानी फ्रान्सला जोडली गेली. जोडताना काही जुने हक्क कायम राहिले. त्यांतला एक थेट लोण्यात उतरला आहे. त्याकडे येतेच, पण आधी तवा तापू द्या.

तव्याला तिथे बिलिग म्हणतात. बिडाचा, गोल, सपाट, कडा नसलेला, चांगला हातभर रुंद. पीठ असतं कुट्टूचं. आपल्याकडे कुट्टू उपवासाला चालतो, कारण तो धान्य नाहीच. आपल्या आंबट चुक्याच्या कुळातली ती वनस्पती. तिच्या तिकोनी, काळपट बियांमुळे फ्रेंचमध्ये तिला ‘काळा गहू’ म्हणतात आणि ब्रेतोंमध्येही तेच. ब्रिटानीची जमीन ग्रॅनाइटची, आंबट, पातळ. गहू तिथे रडत-कढत येतो, आणि आला तरी खंड आणि कर भरण्यात जायचा. कुट्टू तीन-चार महिन्यांत हाती लागतो आणि खताची फारशी अपेक्षा ठेवत नाही. पंधराव्या शतकापासून तो इथे रुजला आणि पुढची चारशे वर्षं गरिबाचं पोट त्यानंच भरलं.

पीठ, पाणी आणि खडे मीठ, एवढंच. हातानं चांगलं फेटायचं, कारण कुट्टूत चिकटपणा नसतो, पीठ धरून राहत नाही. मग काही तास ते मुरत ठेवायचं. तव्यावर तुपट फडकं फिरवून पळीभर पीठ ओतायचं आणि रोझेलनं पसरायचं. रोझेल म्हणजे लाकडाचा दांडा आणि त्याला आडवी छोटी पट्टी, लहान मुलाच्या खेळातल्या फावड्यासारखी. खरी करामत मनगटात असते. पट्टी दाबायची नाही, ती पिठावर तरंगत एका फेऱ्यात फिरली पाहिजे. दाबलं की फाटतं, हात अडखळला की जाड राहतं. घावन घालणाऱ्या कुठल्याही बाईला हे पाहताना आपलाच हात शिवशिवल्यासारखा वाटेल. पृष्ठभागावर बारीक जाळी पडते, कडा सुटून वर येतात, मग लांबट लाकडी उलथन्यानं ते सोडवायचं. पूर्वेकडच्या भागात या धिरड्याला गालेत म्हणतात, पश्चिमेकडे क्राम्पुएझ, आणि पश्चिमेचं जास्त कुरकुरीत. आज हॉटेलात अंडं, हॅम आणि चीज घालून चारी कडा आत दुमडलेलं गालेत मिळतं. जुन्या घरांत मात्र ते नुसतं लोणी लावून खात, सोबत वाडग्यात ताक. ताकात बुडवूनही खात. गव्हाच्या पिठाचं गोड क्रेप जगभर प्रसिद्ध झालं, पण ते सणावाराचं, मागाहून आलेलं. घरचं म्हणायचं ते हे काळपट, किंचित कडसर, मातीचा वास असलेलं.

आता लोणी. उरलेल्या फ्रान्समध्ये लोणी अळणी असतं, ब्रिटानीत खारं. याचं कारण चवीपेक्षा कराशी जोडलेलं आहे. जुन्या राजवटीत फ्रान्समध्ये मिठावर ‘गाबेल’ नावाचा जबर कर होता. त्याचा दर प्रांताप्रांताला वेगळा होता आणि ब्रिटानी जुन्या हक्कानं त्यातून मोकळी होती. त्यामुळे सीमेच्या अलीकडे मीठ मातीमोल आणि पलीकडे कित्येक पटींनी महाग. ज्यांना मीठ परवडत नव्हतं त्यांनी लोण्यात ते घालणं सोडलं. ब्रिटानीतल्या बायका मात्र लोणी टिकावं म्हणून सढळ हातानं मीठ घालत राहिल्या. सीमेवर मिठाची चोरटी वाहतूक चाले, माणसं पाठीवर वाहून नेत, कुत्रीही शिकवून तयार केलेली असत. सापडलेल्याला जहाजावर वल्ही मारायच्या शिक्षेवर धाडत. 1790 मध्ये क्रांतीनं तो कर मोडून काढला. मिठावरचा कर म्हटलं की आपल्याला 1930 सालची दांडी आणि शिरोडा आठवतं. सरकारं बदलतात, पण ज्यावाचून घास उतरत नाही त्यावर हात ठेवण्याची राज्यकर्त्यांची युक्ती सगळीकडे तीच.

हे मीठ यायचं गेरांदच्या मिठागरांतून. गेरांद आज प्रशासकीय ब्रिटानीत नाही. नान्त शहरासकट तो सगळा जिल्हा 1941 मध्ये, महायुद्धाच्या काळातल्या व्हिशी सरकारनं वेगळा काढला आणि पुढे प्रदेश आखले गेले तेव्हाही तो बाहेरच राहिला. पण इतिहासानं आणि मनानं तो ब्रिटानीचाच. भरतीचं पाणी चिकणमातीच्या नागमोडी वाटांनी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवतात. दर टप्प्याला पाणी कमी आणि खारेपणा जास्त. शेवटच्या उथळ चौकोनात मीठ धरतं. तळाशी बसतं ते करडं जाडं मीठ, मातीचा रंग घेतलेलं. आणि उन्हाच्या दिवसात, वारा कोरडा असेल तर, संध्याकाळी पाण्यावर पांढरी साय धरते, तिला ‘मिठाचं फूल’ म्हणतात. ही साय लांब दांड्याच्या चपट्या झाऱ्यानं अलगद ओढून घ्यायची. ती बुडाली की गेली. पावसाची एक सर आली तरी सगळं विरघळतं. 1970 च्या सुमाराला या खाजणांवरून रस्ता आणि पर्यटनाचे प्रकल्प नेण्याचे बेत होते, आगरांवर काम करणाऱ्यांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी ते हाणून पाडले. कोकणातली मिठागरं एकामागून एक बुजताना पाहिलेल्या माणसाला गेरांदचा हेवा वाटतो, मला तरी वाटतो.

खारं लोणी हाताशी असलं की काय होतं त्याचा नमुना म्हणजे क्विन-अमान. ‘क्विन’ म्हणजे केक आणि ‘अमान’ म्हणजे लोणी. 1860 च्या आसपास दुआर्नने या मासेमारीच्या गावात एका बेकरनं पावाच्याच पिठात लोणी आणि साखर घडी घालून-घालून भाजली. आज न्यूयॉर्कपासून तोक्योपर्यंत बेकऱ्यांच्या काचेमागे ही पाटी दिसते. मागणाऱ्या शंभरांतल्या नव्व्याण्णवांना ठाऊक नसतं, की ते आत्ता दोन ब्रेतों शब्द उच्चारून गेले.

त्याच दुआर्ननेची दुसरी ओळख म्हणजे तारली. तारल्यांचे थवे उन्हाळ्यात या किनाऱ्याला लागत आणि गावात डबाबंद करण्याचे वीसेक कारखाने होते. मासा थांबत नाही. होड्या रात्री दोनला लागल्या तर रात्री दोनला गल्लीगल्लीत हाकारे होत आणि बायका लाकडी खडावा वाजवत कारखान्याकडे धावत. मुंडकं उडवायचं, आतडं काढायचं, मिठात घालायचं, धुऊन वाळवायचं, तेलात तळायचं, आणि डब्यात शेपटी-डोकं आलटून-पालटून रचायचं. डोळ्यांवरची झोप उडावी म्हणून त्या गात. त्यांना नाव पडलं ‘पेन सार्दिन’, तारलीचं डोकं. लहान मुलीही कामाला असत, कायदा काही म्हणो. मजुरी तासाला 80 सांतीम, म्हणजे फ्रँकच्या पाच भागांतले चार, तीही माल येईपर्यंत तिष्ठत बसलेल्या वेळेची नाही.

21 नोव्हेंबर 1924 ला एका कारखान्यातून सुरुवात झाली आणि चार-पाच दिवसांत सगळं गाव बंद झालं. संपकरी दोन हजारांच्या घरात, त्यांत बहुसंख्य बायका. तासाला सव्वा फ्रँक हवा, ही मागणी. रोज त्या रांगा धरून गावातून गात फिरत. मालकांनी बाहेरून संप फोडणारे आणले, आणि नववर्षाच्या दिवशी त्यांतल्या एकानं महापौर ल फ्लांशेक यांच्यावर गोळी झाडली. ते संपकऱ्यांच्या बाजूचे होते. ते वाचले, पण मालकांची बाजू त्या गोळीनं ढासळली. 6 जानेवारी 1925 ला करार झाला. तासाला एक फ्रँक, जादा वेळेचे आणि रात्रीचे वेगळे पैसे. मागितलेलं पुरतं मिळालं नाही, पण शेहेचाळीस दिवस चूल अर्धपोटी ठेवून मिळवलेलं ते होतं. पुढच्या मे महिन्यात त्यांच्यातलीच एक, जोझेफीन पांकाले, नगरपालिकेवर निवडून आली. फ्रान्समध्ये बायकांना मताचा हक्क मिळायला अजून एकोणीस वर्षं होती. काही महिन्यांतच तिची निवड रद्द ठरवली गेली. आज त्या तारल्यांचे डबे भेट म्हणून देतात, झाकणांवर सुंदर चित्रं असतात, जाणकार डबे वर्षानुवर्षं मुरवत ठेवतात. डबा उघडताना मला त्या खडावांचा आवाज आठवतो, न ऐकलेला असूनही.

समुद्र इथे कुणाला सोडत नाही. सँ नावाच्या बेटापुढे खडकांची एक लांब रांग पाण्याखालून पश्चिमेला जाते, तिच्या टोकाला एक खडक आहे. नाव आर-मेन, म्हणजे नुसतं ‘दगड’, मेनहिरमधलाच तो मेन. ओहोटीला जेमतेम डोकं वर काढतो. त्यावर दीपगृह बांधायचं ठरलं तेव्हा 1867 च्या सबंध वर्षात बेटावरच्या कोळ्यांना त्या खडकावर फक्त सात वेळा उतरता आलं आणि एकूण काम झालं आठ तासांचं. कंबरेला बुचाचे पट्टे बांधून, पालथं पडून, एका हातानं खडक धरायचा आणि दुसऱ्या हातानं लोखंडी सळ्यांसाठी भोकं पाडायची. लाट आली की श्वास धरून राहायचं. वाहून गेलाच कोणी तर होडी टिपायला उभी. दिवा लागला 1881 मध्ये, चौदा वर्षांनी. तिथे नेमणूक झालेले दिवेकरी त्या जागेला नरकांचा नरक म्हणत.

आणि उएसां बेटावरची ती प्रथा. समुद्रावर गेलेल्याचं प्रेत सापडलं नाही की मेणाचा एक छोटा क्रूस करत. तो घरात टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवत, शेजारीपाजारी रात्रभर त्याच्यापाशी जागत आणि प्रार्थना म्हणत, जणू समोर देहच ठेवला आहे. सकाळी तो मिरवणुकीनं चर्चमध्ये नेत. कालांतरानं साठलेले क्रूस दफनभूमीतल्या एका लहानशा स्मारकात विसावत. याला प्रोएला म्हणत. शेवटची प्रोएला 1962 सालची. आपल्याकडे देह सापडला नाही तर दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी देतात. दुःखाला हात लावायला काहीतरी लागतं, दर्भ असो की मेण.

समुद्रानं इथल्या लोकांना आपल्यापर्यंतही आणलं. 1666 मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीनं ब्रिटानीच्या दक्षिण किनाऱ्यावर जहाजबांधणीसाठी जागा घेतली. तिथल्या गोदीत बांधलेल्या ‘सोलेय द’ओरियां’, म्हणजे ‘पूर्वेचा सूर्य’, या जहाजावरून वस्तीचं नाव पडलं ल’ओरियां, पूर्व. तेच आजचं लोरियां शहर. कंपनीची हिंदुस्थानातली पहिली वखार 1668 ची, सुरतेची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या हयातीतली. पुढे पुद्दुचेरी. जवळच्या पोर-लुईच्या किल्ल्यात कंपनीच्या व्यापाराचं संग्रहालय आहे, तिथे छापील हिंदुस्थानी सुती कापडं मांडून ठेवली आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांच्या तळामुळे लोरियांवर बाँबचा वर्षाव झाला आणि जुनं शहर जवळजवळ उरलंच नाही. 1971 पासून तिथे दर ऑगस्टला सगळ्या केल्टिक मुलखांचा मोठा उत्सव भरतो.

आता भाषेकडे वळायला हवं. ब्रेतोंमध्ये ‘ताद’ म्हणजे बाप. पण माझा बाप म्हणायचं तर ‘वा झाद’, तुझा बाप ‘दा दाद’, त्याचा बाप ‘ए दाद’, आणि तिचा बाप ‘हे झाद’. मराठीत विभक्ती लागली की आपण शब्दाची शेपटी बदलतो, ‘घर’चं ‘घरा’ होतं, ‘पाणी’चं ‘पाण्या’. ब्रेतों लोक शब्दाचं तोंड बदलतात. नवशिक्या माणसानं शब्दकोशात ‘झाद’ शोधला तर तो मिळणारच नाही, आधी त्याच्या तोंडावरचा बुरखा काढून ‘ताद’ ओळखायला हवा. ‘ग्लास’ या एका रंगात आकाश आणि गवत दोन्ही मावतात, कारण जुन्या बोलीत समुद्राची निळाई आणि पानाची हिरवाई हे एकच कुटुंब. फ्रेंचमध्ये दागिन्याला ‘बिझू’ म्हणतात, तो मूळचा ब्रेतों शब्द, ‘बिझ’ म्हणजे बोट आणि त्यातली ती अंगठी.

एवढी घडीव भाषा शाळेत मात्र गुन्हा ठरली. ब्रेतों बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात एक वस्तू अडकवत, कधी जुनी खडाव, कधी लाकडाचा तुकडा. तिला काही ठिकाणी ‘गाय’ म्हणत. ती उतरवायचा उपाय एकच, दुसऱ्या कुणाला ब्रेतों बोलताना पकडायचं आणि त्याच्या गळ्यात ती घालायची. संध्याकाळी जिच्या गळ्यात उरेल ती मुलगी, किंवा तो मुलगा, शिक्षेला पात्र. छडीपेक्षा ही रीत जास्त वाईट, कारण ती मुलांनाच एकमेकांवर पहारा करायला लावते. लेखक पिएर-जाकेझ एलियास यांनी 1975 मध्ये छापलेल्या आपल्या आठवणींत हे लिहिलं, आणि ते पुस्तक फ्रान्सभर लाखोंनी खपलं. तोवर फार उशीर झाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर एका पिढीतल्या आईबापांनी ठरवून मुलांशी फ्रेंचच बोलायचं ठरवलं, आपल्याला जे सोसावं लागलं ते त्यांना नको म्हणून. त्यांना दोष कसा द्यायचा? घरात आजी होती, नातू होता आणि मधे एक वाक्यही धड नव्हतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दहा लाखांहून जास्त माणसं ब्रेतों बोलत. आता ती लाखाच्या आसपास उरली आहेत आणि त्यांतली बहुतेक म्हातारी आहेत. 1977 मध्ये काही पालकांनी स्वतःच्या हिमतीवर एक बालवर्ग काढला, नाव ठेवलं दिवान, म्हणजे अंकुर. तिथे सगळं ब्रेतोंमधूनच. पुढे सरकारी आणि कॅथलिक शाळांतही द्विभाषिक वर्ग निघाले, आणि आज तिन्ही मिळून सुमारे 20 हजार मुलं शिकतात. पण फ्रेंच राज्यघटना सांगते की प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे, आणि 2021 मध्ये घटना परिषदेनं सरकारी शिक्षणात असं सगळंच प्रादेशिक भाषेतून शिकवणं घटनाबाह्य ठरवलं. एका मुलाच्या ‘फान्श’ या नावातल्या ‘न’वरची छोटी लाट जन्मनोंदीत ठेवायची की नाही, यावरही कोर्टकचेरी झाली आहे. खारं लोणी सरकारी मेजवानीतही चालतं. लाटेसारख्या एका रेघेसाठी मात्र कोर्टाची पायरी चढावी लागली.

तरीही रात्री नाच असतो. फेस्त-नोझ, रात्रीचा उत्सव. खळ्यावरची मळणी किंवा बटाट्याची काढणी आटोपली की शेजारी जमत. नव्या घराची मातीची जमीन चोपण्यासाठीही नाचायला बोलावत, पावलांनी ती बसावी म्हणून. युद्धानंतर हे संपत आलं होतं. 1950 च्या दशकात लोएझ रोपार्स यांनी ते गावच्या सभागृहांत पुन्हा सुरू केलं, आणि 2012 मध्ये युनेस्कोनं त्याला मानवाच्या अमूर्त वारशात जागा दिली. तिथे जायला तिकिटापलीकडे काही लागत नाही. अनोळखी माणूसही साखळीत शिरतो, शेजारच्याच्या करंगळीत करंगळी अडकवतो, आणि चार फेऱ्यांत पावलं आपसूक जमतात.

वाद्यं असतात, सनईच्या जातीची बाँबार्द, छोटी मशकवाद्यं. पण जुनी रीत नुसत्या दोन गळ्यांची, ‘कान हा दिस्कान’. एक ओळ म्हणतो, दुसरा तीच परत म्हणतो. पोवाड्यातल्या झीलकऱ्यासारखाच तो, फक्त एक फरक आहे. पहिल्याची ओळ संपायची तो वाट पाहत नाही. शेवटची दोन-तीन अक्षरं दोघं मिळून म्हणतात, आणि पहिला श्वास घ्यायला थांबतो तेव्हा दुसऱ्याचा आवाज आधीच चालू असतो. नाचणाऱ्यांच्या पायाखालून सूर क्षणभरही निघून जात नाही.

दास्तुम नावाच्या संस्थेनं 1972 पासून गावोगावच्या म्हाताऱ्यांचे असे आवाज ध्वनिफितींवर साठवले आहेत. ‘दास्तुम’ म्हणजे गोळा करणं. ज्यांच्या घरात ब्रेतों तुटली होती असे आजचे तरुण गायक त्या फिती लावून शिकतात. खोकल्यासकट, मागे वाजणाऱ्या घड्याळासकट एखादी आजी ओळ म्हणते. शेवटची तीन अक्षरं आली की ऐकणारा तिच्या आवाजात आपला आवाज घालतो आणि पुढची ओळ स्वतः उचलतो.